अठ्ठावन्न किलो

५ जानेवारी २०२६, सोमवार. लाटंबार्से

पोचले. सकाळी बेळगाव सोडलं, चोर्ला घाट उतरले आणि जेवायच्या वेळेला इथे. हवा छान, खोली छान, खिडकीतून काजूची बाग दिसते. खिडकीला इथे जनेल म्हणतात आणि खुर्चीला कदेल. म्हणोत. निवृत्तीनंतरचे आठ महिने भावाच्या घरी भाजी निवडण्यात गेले. त्यापेक्षा कुठलंही काम बरं. मन प्रसन्न आहे हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण तसं वरचेवर होत नाही.

यजमान कृष्णनाथ, वय चौसष्ट. इथल्या एका खाणीवर फोरमन होता. तेरा वर्षांपूर्वी ती खाण बंद झाली, पंप थांबले, खड्डा पाण्याने भरला. आता त्या खड्ड्यात उतरायला हा माणूस घरामागच्या शेडमध्ये पाणबुडी बांधतो आहे. एका माणसाची. तिच्या झाकणाची ओतीव कडी आमच्या फौंड्रीत झाली होती. तपासनीस म्हणून मी ती दोनदा नापास केली. तिसऱ्यांदा पास केली तेव्हा त्याने फोन करून सांगितलं, की आपल्याला दोनदा नाही म्हणणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं. म्हणून वजन, हवा आणि नोंदवही सांभाळायला मला बोलावलं. माणसाची पारख आहे म्हणायची. बाकी कशाचीच नाही, हे संध्याकाळी पाणबुडी पाहिल्यावर कळलं.

बायको भाग्यलक्ष्मी. खतखतें, म्हणजे इथली मिश्र भाजी, उत्तम करते. बोलते फार.

६ जानेवारी, मंगळवार

गावात तिला ‘कृष्णनाथाचें पीप’ म्हणतात. गावाचं बरोबर आहे. जलवाहिनीचा नऊशे मिलिमीटर व्यासाचा नळ, दोन्ही तोंडांना टोप्या, वर झाकण, पुढे जाड पारदर्शक काच. आत एक बैठक. बैठकीमागे हातभर रिकामी जागा, तिथे बॅटऱ्यांची पेटी.

चालवण्याची व्यवस्था पाहून मी खाली बसले. सायकलचे पेडल, सायकलची साखळी आणि नळाला भोक पाडून बाहेर काढलेला दांडा, त्यावर पंखा. मी त्याला विचारलं, की तीस मीटर खाली पाणी त्या भोकातून आत यायला किती उत्सुक असेल याचा काही अंदाज? तो म्हणाला, ग्रीस भरलंय. शिवाय पेडल मारणारा माणूस बसलेल्या माणसाच्या तिप्पट हवा खातो. आत हवा पाऊण तासाची. साहेब पंधरा मिनिटांत गुदमरून सायकल चालवत स्वर्गात गेले असते.

पेडल काढायला लावले. भोक बंद. दोन विजेचे पंखे बाहेरून, दोन बाजूंना, एकमेकांच्या उलट फिरणारे, नाहीतर पीपच गरगर फिरायचं. आत फक्त तारा.

वेल्डिंग सुदेश करतो. कोरगावचा, पंचेचाळिशीतला, रोज स्कूटरवरून येतो. हात सोन्याचा, डोकं भोपळ्याचं. ते भोक बुजवण्याआधी त्याने खड्ड्याच्या काठावर राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, रोट आणि विडी ठेवली. रोट कावळ्याने नेला. राखणदाराने मान्य केलं म्हणे. मी म्हटलं, तुमचा राखणदार काळा आहे आणि काव काव करतो. त्यावर त्याने भाग्यलक्ष्मीला ऐकू जाईल असं सांगितलं, की बाईंचो काटो बरो असा, पूण थंय पाण्यात काटो चलना. काटो म्हणजे माझा वजनकाटा.

९ जानेवारी, शुक्रवार

पीप खड्ड्यावर नेलं. लाल कडे, मधे हिरवं पाणी, सुंदर दिसतं. काठावर कृष्णनाथाने लोखंडी घोडी उभी केली आहे. तिला चेन-पुली, पुलीला टांगता काटा. माझा नियम: उतरण्याआधी आणि वर आल्यावर, माणूस बाहेर काढून, पीप पुसून, वजन. पाण्यात वजन जास्त झालं की बुडतं, कमी झालं की तरंगतं. बाजूच्या टाक्यांत पाणी घेऊन उतरायचं, हवा सोडून वर यायचं. म्हणून चालवणारा बदलला की शिशाच्या पट्ट्या काढायच्या किंवा घालायच्या. खाली अडकलं तर आतला स्क्रू फिरवून पोटाखालचं नव्वद किलोचं वजन सोडून द्यायचं, की पीप आपोआप वर. एवढंच शास्त्र आहे. बाकी सगळं कावळ्याचं.

रिकामं पीप: १४८० किलो. कृष्णनाथ ७१. मी ५६, कारण सुदेशला काटा खरा आहे हे पटवायला मला झोळीत बसून दाखवावं लागलं.

कृष्णनाथाचाही एक नियम आहे. काठावर लाकडी फळी, फळीला खिळा, खिळ्याला पितळी बिल्ला. उतरणाऱ्याने बिल्ला गळ्यात घालायचा, वर आल्यावर परत लावायचा. खाणीच्या फाटकावर असंच होतं म्हणे. प्रत्येक कामगाराच्या नंबरचा खिळा. फळी भरली की खाली कोणी नाही, फाटक लावायचं. म्हणजे माणसं पितळेने मोजायची, आणि पितळ फोरमनने. तेहतीस वर्षं मी न बघता सह्या करणारी माणसं पाहिली. त्यांना अशाच फळ्या आवडतात.

दहाच्या सुमाराला एक बाई येऊन काठावर बसली. पन्नाशीची, ठसठशीत कुंकू. शेवंता. गडहिंग्लजकडची, काजूच्या कारखान्यात काम करते. तिचा नवरा केरबा खाणीच्या तळाशी पंपघरात होता. खाण बंद झाली त्या दिवसापासून तो नाही. बिल्ला फळीवर होता, म्हणजे माणूस वर आला होता, म्हणजे पळून गेला. दुसरी बाई असणार, असं गाव तेरा वर्षं म्हणतं. शेवंता म्हणते, आमचं मालक पळून जायासारखं न्हाईत. खाली आहेत. कृष्णनाथ तिच्यासाठी बघायला उतरणार आहे.

एका पळपुट्यासाठी एवढं लोखंड.

१२ जानेवारी, सोमवार

पहिली बुडी. दहा मीटर, पंधरा मिनिटं. पंखे छान चालले. तारेचा फोन स्वच्छ. सुदेश काठावर डोळे मिटून उभा होता, त्याचा उपयोग तेवढाच.

वर आल्यावर: १४८६. सहा किलो जास्त. कुठेतरी पाणी राहिलं. पुसून घ्यायला सांगितलं.

१४ जानेवारी, बुधवार

पुसलं, वाळवलं, पंखा लावून ठेवला. १४८६.

संक्रांत. संध्याकाळी भाग्यलक्ष्मीकडे हळदीकुंकू. तिने शेवंतालाही बोलावलं होतं आणि मग सगळ्या बायकांची पंचाईत झाली. हिला कुंकू लावायचं की नाही. सवाष्ण म्हणावी तर नवरा नाही, विधवा म्हणावी तर मेल्याचा कागद नाही. विनिता नावाच्या शेजारणीने करंडा तिच्यापर्यंत आणला आणि घसरल्यासारखं करून पुढच्या बाईकडे नेला. पदवीधर आहे ती, मुद्दाम विचारलं. शेवंता हसली. तिळगूळ पदरात घेऊन म्हणाली, ऱ्हाऊ द्या, मालक आल्यावर दोगं मिळून येऊ.

मी माझं कुंकू नाकारलं. लग्न केलं नाही हे एक बरं केलं.

१५ जानेवारी, गुरुवार

दुसरी बुडी, वीस मीटर. कृष्णनाथ फोनवर म्हणाला, पीप जड लागतंय. जड वाटण्यावर माझा विश्वास नाही, काट्यावर आहे.

काटा: १५०२.

बावीस किलो. पीप उघडून घेतलं. आत थेंब नाही. टाक्या रिकाम्या. सुदेश काट्याला नमस्कार करून घरी गेला. काटा मी माझ्या वजनाने तपासला. ५६. काटा बरोबर आहे.

१७ जानेवारी, शनिवार

तिसरी बुडी. एकतीस मीटर. कृष्णनाथाला पंपघराचं पत्र्याचं छप्पर दिसलं. मग म्हणाला, वर घ्या. सगळी हवा टाक्यांत सोडली तरी पीप रांगत वर आलं.

काटा: १५३८. मूळ वजनाहून अठ्ठावन्न जास्त.

हवेचं मीटरही नीट नव्हतं. बसल्या माणसाच्या श्वासाने वीस मिनिटांत खराब हवा ०.६ टक्के व्हायला हवी. १.२ होती. दुप्पट. हा घाबरून धापा टाकत होता, दुसरं काय.

कृष्णनाथ काठावर ओकला. म्हणाला, बैठकीमागे कोणीतरी बसलं होतं. पाठीला गुडघे लागत होते. बैठकीमागे हातभर जागा आहे. मी त्याला लिंबूपाणी पाजलं आणि वय विचारलं.

पिपाचा तळ पुसताना मला बिल्ला सापडला. पितळी, हिरवा पडलेला. नंबर ४७.

तो बघून कृष्णनाथ बोलला. सुदेश आणि मी होतो, शेवंता तेव्हा गेली होती. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, तोंडावर खाण बंद करायचा दिवस. सगळे वर, फळीवर एक खिळा रिकामा, सत्तेचाळीस. केरबा बिल्ला पंपघरात विसरायचाच, नेहमीचं. मखराचं सामान आणायला डिचोलीचा बाजार गाठायचा होता. कपाटात जादा बिल्ल्यांचा जुडगा होता. त्यातला सत्तेचाळीस काढून त्याने खिळ्याला लावला, फळी भरली अशी सही केली, फाटक लावलं, पंप थांबवायला सांगितलं. रात्रीतच पाऊस कोसळला. दोन दिवसांनी केरबा दिसत नाही म्हणून आरडाओरडा झाला, तेव्हा सगळ्यांनी फळी बघितली.

तेरा वर्षं हा माणूस मखर बांधतो आहे आणि तिला पळपुट्याची बायको म्हणू देतो आहे.

१९ जानेवारी, सोमवार

दोन दिवस विचार केला. सोपं आहे. खरा बिल्ला कृष्णनाथाकडेच असणार. मन खाऊ लागलं म्हणून स्वतःच आत टाकला. अठ्ठावन्न किलोही त्यानेच कुठेतरी लपवले. पीप पूर्ण उकललं. तळाचे पत्रे, बैठक, पेटी. सुदेशने वाळूचा कण न् कण काढला. काही नाही.

सगळं परत बसवलं. १५३८.

२० जानेवारी, मंगळवार

बिल्ला शेवंताच्या हातात दिला. जे घडलं ते कृष्णनाथाला तिच्यासमोर त्याच्या तोंडाने सांगायला लावलं. भाग्यलक्ष्मी आत गेली, बाहेर आली नाही. शेवंताने शिव्या दिल्या नाहीत. बिल्ला पदराच्या गाठीला बांधला आणि विचारलं, आता वर कवा येनार.

मी सांगितलं, मेलेला माणूस वर येत नसतो, पुरावा मिळाला एवढ्यावर समाधान मान. ती म्हणाली, बाई, तुमी शिकल्याल्या. मग काट्यावर भरतंय ते काय म्हनायचं.

तिच्याजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत खाणीचं डॉक्टरी तपासणीचं कार्ड आहे. केरबा, पंपचालक. उंची पाच फूट चार. वजन ५८.

मी कार्ड दोनदा वाचलं. योगायोग अंकांचाही होतो.

२१ जानेवारी, बुधवार

कृष्णनाथ उतरणार नाही म्हणतो. अंथरुणात आहे. पाववाला पोदेर आला, त्याचे उंडे दारात पडून राहिले, कोणी उचलले नाहीत. सुदेशने राखणदाराला दोन रोट ठेवले. दुसरा कोणासाठी ते विचारलं नाही.

हे सगळे एका काट्याला घाबरले आहेत. मी स्वतः उतरणार. वीस मिनिटं, पंपघराच्या दारापर्यंत, दिव्याच्या उजेडात हाडं दिसली तर जागा नक्की करायची, की सरकारी पाणबुडे बोलावता येतील. शेवंताला कागद मिळेल. एवढं केलं की मी बेळगावला जाईन.

२२ जानेवारी, गुरुवार

जादा वजन कसलंही असो, पाणबुडीला ते धरूनच चालावं लागतं. अठ्ठावन्न किलोच्या शिशाच्या पट्ट्या काढल्या. मी कृष्णनाथापेक्षा पंधराने हलकी, तेवढ्या परत घातल्या. हिशेब चोख.

पट्ट्या उतरवताना शेवंता बघत होती. म्हणाली, त्यांच्यापुरती जागा केलीत, उपकार झाले.

मी तसं काही केलेलं नाही.

झोप नीट नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार. सकाळी १०.३०

काठावरून. कृष्णनाथ आला आहे, घोंगडी पांघरून. बिल्ला गळ्यात घाला म्हणून हात जोडतो. मी बिल्ला घेतला, त्याच्यासमोर परत खिळ्याला लावला. पितळेचा तुकडा कोणाला खाली ठेवत नाही आणि कोणाला वर आणत नाही, हे एकदा दिसू दे.

वही बरोबर घेते. नोंदी जागच्या जागी झाल्या पाहिजेत.

१०.४० — झाकण लावलं. उतार सुरू.

१०.५२ — १४ मीटर. पंखे ठीक. काचेबाहेर हिरवं, मग तांबडं. मीटर ०.७. ०.३६ हवं होतं. मी धापा टाकत नाही. नाडी ७८.

११.०० — २६ मीटर. मीटर १.२. मी एकटी आहे. श्वास दोघांचा.

आत्ता लक्षात आलं. पट्ट्या काढल्या आहेत. ते अठ्ठावन्न किलो आत नसते तर पीप बुडालंच नसतं.

११.०५ — ३१. छप्पर. पंपघराचं दार उघडं. हाडं नाहीत. दारात बुटांचा जोड, नीट शेजारी शेजारी.

पाठीला काहीतरी — बैठकीचा पत्रा असेल. पत्रा गार असतो. ओला नसतो.

वळायला जागा नाही. वळणार नाही.

११.०९ — गुडघे. दोन.

११.१२ — उठलं. मागचं ओझं उठलं. बैठक हलकी झाली, कळलं मला. मीटरची चढण आता एकाच माणसाची. अठ्ठावन्न कमी, म्हणजे पीप उसळून वर जायला हवं. जात नाही. टाक्यांत हवा सोडली. ३१. स्क्रू फिरवला, नव्वद किलो सुटले, आवाज ऐकला. ३१. दीडशे किलो हलकी आणि ३१ —

११.२० — फोन लागला. सुदेश. कोण बोलता, असं विचारतो. मी नाव सांगितलं. तो म्हणतो पीप केव्हाच वर आलं, साखळीला टांगलंय, झाकण उघडं आहे. बाई कदेलीवर बसून पाणी पितात, पाठमोऱ्या. बिल्ला खिळ्यावर आहे. खाली कोण असणार.

थट्टा करत नाही. घाबरटाला थट्टा जमत नाही.

शेवंताला वेड लागलं म्हणतो. बाईंचे पाय धरून बसली आहे, मालक मालक करते. कृष्णनाथ रडतो आहे.

सांगितलं, त्या खुर्चीवरच्या बाईला काट्यावर बसव. झोळीत. आत्ताच्या आत्ता. माझं ऐक, सुदेश, तिचं वजन कर —

११.२६ — साखळीचा आवाज. मग तो आला. हळू बोलतो. त्या दिवशी छप्पन होत्या ना बाई, म्हणतो. आता अठ्ठावन —

फोन दुसऱ्या कोणीतरी घेतला. आवाज माझा. बोलणं माझं नाही. सुदेशला सांगते आहे, वायर सोडून टाक, फाटक लावून घे, फळी भरली, खाली कोणी